अजून एक पोळी





आपल्या शाळेच्या मागच्या अंगणात दोन कचरापेट्या आहेत, एक हिरवी आणि एक निळी. इंदूरच्या घराघरांत असतात तशाच. ओला कचरा हिरवीत आणि सुका निळीत, हे आता आपल्या बालवर्गातल्या मुलांनाही सांगावे लागत नाही. २०१७ पासून आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले, याचा आपल्या सर्वांनाच अभिमान आहे. पण या शिस्तीमुळे शाळेची एक झाकलेली गोष्ट उघडी पडली. पूर्वी सगळा कचरा एकाच टोपलीत जात असे आणि कोणी काय टाकले ते कळत नसे. आता मधल्या सुट्टीनंतर हिरव्या पेटीचे झाकण उचलले की वर पोळ्याच पोळ्या दिसतात. साखर लावून गुंडाळलेल्या, भाजीसकट दुमडलेल्या, काही तर जशाच्या तशा चौघडी केलेल्या. सफाईच्या मावशींच्या म्हणण्याप्रमाणे रोज एका मोठ्या घराचे जेवण होईल इतके अन्न त्यात असते. निळ्या पेटीत काय असते? चिप्सची आणि शेवेची पाकिटे, पण अगदी झटकून रिकामी केलेली. तिथे कणही वाया जात नाही!

या ओल्या कचऱ्याचे पुढे शहरात चांगलेच होते, हे खरे. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात तो जातो. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची आहे आणि त्या वायूवर शहरात बसगाड्या चालतात. पण घरच्या आईने सकाळी साडेपाचला उठून कणीक मळली ती काही बस चालवण्यासाठी नव्हे.

आम्ही वर्गावर्गांत जाऊन मुलांना विचारले. रागावून नव्हे, सहज. "आई चार देते, मला दोनच पुरतात." "दोन दिल्या की आजी म्हणते, पोर उपाशी राहील." "सुट्टी वीस मिनिटांची आहे, खेळायचं कधी?" ही उत्तरे अपेक्षित होती. पण सहावीच्या एका मुलाने जे सांगितले ते आमच्या मनातून जात नाही. तो म्हणाला, "डबा भरलेला परत नेला की घरी बोलणी बसतात. रिकामा नेला की आई खूश होते. म्हणून मी रिकामा करतो."

रिकामा डबा म्हणजे पोटभर जेवलेले मूल, असे आपण धरून चाललो आहोत. मुलांनी आपले हे गणित केव्हाच ओळखले आणि त्यातून आपली वाट काढली.

आज या अंकात आम्हांला घरच्या जेवणाबद्दल, त्यातही त्याच्या मापाबद्दल लिहायचे आहे. बाहेरचे खाऊ नका, घरचे खा, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण घरचे म्हटले की आपण निर्धास्त होतो. घरच्या जेवणातही कोणाला किती, कशातले जास्त आणि कशातले कमी हा प्रश्न असतोच. तो आपण विचारत नाही, कारण वाढणाऱ्या हाताला माप विचारणे आपल्याकडे अशुभ मानतात की काय कोण जाणे.

पण दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी आमची स्वतःची चूक आधी सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणी झाली. तपासणीनंतर उंची-वजनाचे तक्ते आम्ही वर्गांत वाचून दाखवले. ज्यांचे वजन जास्त भरले त्यांनी गोड आणि तळलेले कमी खावे, असा उपदेशही केला. हेतू वाईट नव्हता. आठवीतल्या एका मुलीचा आकडा वाचला तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटले. आम्ही मुलांना दटावले आणि पुढचे नाव वाचले. विषय तिथेच संपला, असे आम्हांला वाटले.

तो संपला नव्हता. त्या मुलीने डबा खाणे सोडले. आधी भरलेला डबा घरी गेला, मग घरी विचारणा झाली, मग डबा हिरव्या पेटीत रिकामा होऊ लागला. घरीही "शाळेत पोटभर खाल्लं" म्हणून ती अर्ध्या पोळीवर उठू लागली. महिन्याभराने सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी तिची आई भेटायला आली. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून ती खात नाही, मी ओरडते म्हणून ती टाकते. आता तिनं कुणाचं ऐकायचं ते तुम्हीच सांगा."

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्या माउलीची क्षमा मागितली आणि नंतर त्या मुलीचीही मागितली. ती आता दहावीत आहे, नीट जेवते, आणि नाव न देता हे लिहायला तिची आणि तिच्या घरच्यांची परवानगी आहे. वजनाचे तक्ते तेव्हापासून वर्गात वाचले जात नाहीत. ज्याचा त्याचा कागद बंद पाकिटात घरी जातो. "कमी खा" असे नुसते सांगणे हे "अभ्यास कर" असे नुसते सांगण्यासारखेच आहे. काय, किती, केव्हा, हे सांगितल्याशिवाय त्यातून फक्त भीती निर्माण होते.

काही पालक म्हणतील, आमचा मुलगा तर काडी आहे, त्याला माप कशाला? त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर अनेक वर्षे संशोधन करीत आहेत. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा बीएमआय नावाचा जो आकडा असतो तो दोघांचाही सारखाच होता, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडचा माणूस बारीक दिसत असला तरी आतून बारीक असेलच असे नाही. म्हणून वजनकाट्यावर मुलांची परीक्षा घेण्यापेक्षा ताटाकडे पाहणे जास्त शहाणपणाचे, असे आता आमचे मत झाले आहे.

ताटाकडे पाहायचे तर आधी आग्रहाबद्दल बोलले पाहिजे. आपण मराठी माणसे मालव्यात होळकरांच्या काळापासून आहोत. इथल्या मातीत मनुहार आहे आणि आपल्या रक्तात आग्रह. दोन्ही एकत्र आले की पाहुण्याची सुटका नाही. ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलेबी सरकवणारे यजमान आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. या आग्रहामागे प्रेम आहे, यात शंका नाही. ज्या काळात घरात माणसे फार आणि धान्य मोजके होते, त्या काळात पाहुणा संकोचाने उपाशी उठू नये म्हणून ही रीत पडली असावी. आज डबा उघडला की चिवडा आहे, फ्रिज उघडला की मिठाई आहे. संकोच कोणालाच नाही. तरी आपण शाळेतून आलेल्या मुलाच्या ताटात, त्याने नको म्हटल्यावर, अजून एक पोळी टाकतोच. "एवढीशी तर आहे!"

खरे म्हणजे आपली जुनी पंगत आपल्या आजच्या पद्धतीपेक्षा शहाणी होती. पंगतीत वाढपी थोडे थोडे वाढत आणि फेऱ्या मारत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि जरा जरा. भाज्या उजवीकडे. मध्ये भाताची मूद. मूद म्हणजे काय? वाटीत किंवा मुदाळ्यात दाबून पानावर उपडा केलेला भात. म्हणजे मूद हे मूळचे मापच आहे! सर्वांना सारखी, आणि पुन्हा हवी असेल त्याने मागायची. आता बुफेच्या टेबलाशी आपण एकदाच ताट डोंगरासारखे भरतो, कारण पुन्हा रांगेत कोण उभे राहील. मग त्यातले निम्मे हिरव्या पेटीत जाते. घरातही तसेच झाले आहे. टीव्हीसमोर बसायचे म्हणून सगळे एकदम वाढून घ्यायचे.

आता किती खावे, याबद्दल. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. (म्हणून लेखात कुठे हिंदी वळण दिसले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.) त्या वेळच्या पुस्तकात 'संतुलित आहार' असा एक धडा असे आणि त्यातला तक्ता आम्ही पाठ करून परीक्षेत उतरवला होता. घरी येऊन मात्र तीच कढई, तीच पळी. तक्त्याचा आणि स्वयंपाकघराचा संबंध आहे, हे तेव्हा कोणी दाखवले नाही. तो आज दाखवण्याचा प्रयत्न करतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांनी दिलेले माप असे आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. हे सगळे कच्चे माप आहे, शिजवण्यापूर्वीचे.

धान्याचे पाहू. सकाळचे पोहे ५० ग्रॅम. एका मध्यम फुलक्याला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे दोन्ही वेळचे मिळून पाच फुलके धरले तर १४० ग्रॅम. उरले ६० ग्रॅम तांदूळ, म्हणजे दोन वेळा एक एक लहान मूद. झाले, दिवसाचे धान्य संपले! चहाबरोबरची बिस्किटे आणि संध्याकाळचा परमल-शेव यांना आता जागाच नाही. आपल्या घरात हे माप बहुधा दुपारच्या जेवणातच पूर्ण होते.

डाळीचा हिशेब मात्र उलटा निघतो. प्रत्येकी ८५ ग्रॅम म्हणजे चार मोठ्या माणसांच्या घरात रोज ३४० ग्रॅम. डाळ, मूग, मटकी, हरभरा, बेसन सगळे धरून एक किलो तीन दिवसांत संपायला हवे. आपल्या किती घरांत संपते? आपण मूठभर तुरीची डाळ लावतो, त्यात पाणी घालून दोन्ही वेळा पुरवतो, आणि त्या पातळ वरणाबरोबर भात मात्र भरपूर कालवतो. भाजीचेही असेच आहे. चौघांना दीड किलोच्या वर भाजी लागेल. आपल्याकडे पाव-अर्धा किलोची फोडणी होते आणि ती पोळीला लावण्यापुरती पुरते. म्हणजे आपल्या ताटात पोळी ही मुख्य झाली आहे आणि बाकीचे सगळे तोंडी लावणे.

म्हणून माप पाळणे म्हणजे सगळेच कमी करणे, असा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. धान्याचा आणि तेलाचा हात आखडायचा आणि डाळीचा, उसळीचा, भाजीचा सैल सोडायचा. एक पोळी काढली की त्या जागी वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ आली पाहिजे. नुसती पोळी काढली तर मूल चार वाजता भुकेले होईल आणि नाक्यावरच्या कचोरीकडे जाईल. त्यात त्याचा दोष नाही.

भाज्या महाग आहेत, हे आम्हांला ठाऊक आहे. मंडीत भाव ऐकून आम्हीही परत फिरतो. पण फ्लॉवर आणि सिमला मिरची म्हणजेच भाजी, असे थोडेच आहे? गिलकी, दुधी, लाल भोपळा, पालक, थंडीत मेथी, मुळ्याचा पाला आणि ज्याला इथे बथुआ म्हणतात तो चाकवत, या स्वस्तातल्या भाज्या आहेत. चाकवत ताकात हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालून केला की डाळही आली, दाणेही आले. मूग-मटकीला मोड आणायला गॅससुद्धा लागत नाही.

तेलासाठी एक साधा उपाय सांगतो. माणशी २७ ग्रॅम म्हणजे दिवसाला चहाचे सहा चमचे, त्यात तूपही आले. चार मोठ्या माणसांचा महिन्याचा हिशेब साधारण साडेतीन लिटर होतो. पुढच्या एक तारखेला तेलाच्या डब्यावर तारीख लिहा आणि संपेल त्या दिवशीची तारीख त्याखाली लिहा. तुपाच्या बरणीचेही तेच करा. कोणाला दाखवू नका, फक्त लिहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये घरातले तेल दहा टक्के कमी आणण्याचे आवाहन केले होते. पण आधी किती येते तेच माहीत नसेल तर दहा टक्के कशाचे काढणार?

आणि हो, शेव! इंदूरमध्ये शेवेविरुद्ध लिहिणे धाडसाचे आहे. पोह्यांवर शेव, भाजीत शेव, आमटीवर शेव, चहात तेवढी अजून पडलेली नाही. आपले इंदुरी पोहे वाफेवर गरम राहतात, त्यांना तेल बेताचेच लागते. पोह्यांचा दोष नाही. वरची मूठभर शेव आणि शेजारची जिलेबी यांचा आहे. शेव चिमटीने घाला, मुठीने नको. पोह्यांत मटार घाला किंवा वर मटकीची उसळ घाला, उसळ-पोहे हेही इंदूरचेच आहेत. जिलेबी रविवारी, एक, आणि मन लावून खावी. रोज खाल्ली की तिची चवही जाते, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

एका गोष्टीवर आम्हांला जरा जास्त बोलायचे आहे. घरात शेवटी कोण जेवते? आधी वडील, मग मुले, मग आजी-आजोबा, आणि ओटा आवरून झाल्यावर आई. तोवर उसळीच्या भांड्यात रस्सा उरलेला असतो, कोशिंबीर संपलेली असते, आणि सकाळच्या दोन पोळ्या "टाकायच्या कशा" म्हणून तिच्या वाट्याला येतात. घरातल्या सर्वांचे उरलेसुरले मिळून तिचे ताट होते. मापाची चर्चा करताना या ताटाचे माप कोणी घेत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींत तर ५९ टक्के. आपल्या दहावी-बारावीच्या वर्गांतल्या मुली याच वयाच्या आहेत, आणि आईच्या ताटाकडे पाहूनच त्या शिकत असतात. म्हणून वरण-भाजी शिजल्याबरोबर आईची वाटी आधी काढून झाकून ठेवावी. हे काम मुलांनी करावे. विद्यार्थी मित्रांनो, हे तुमच्यासाठी आहे. पाचवीच्या पुढच्या प्रत्येकाला हे जमेल.

वडिलांनाही एक विनंती. घरच्या जेवणाची जबाबदारी आपण आईवर टाकून मोकळे होतो, आणि रविवारी सकाळी कचोऱ्यांचा पुडा घेऊन येणारे आपणच असतो. आणू नका, असे म्हणत नाही. चौघांत चार आणण्याऐवजी दोन आणा. आणखी एक. ज्या घरात वडील दिवसभर गादीवर किंवा टेबलाशी बसतात आणि पंधरा वर्षांचा मुलगा दोन तास फुटबॉल खेळतो, तिथे जास्त भूक कोणाला असणार? तरी पोळ्यांची मोठी चळत वडिलांपुढेच जाते. वाढत्या आणि खेळत्या मुलाने चार पोळ्या मागितल्या तर त्याला खुशाल द्याव्यात, वर उसळही द्यावी. माप हे माणसागणिक वेगळे असते आणि एकाच माणसाचेही रोज सारखे नसते.

मग डब्याचे काय करावे? आमची सूचना फार छोटी आहे. रात्री झोपताना मुलाला विचारा, "उद्या किती?" तो म्हणेल तितक्याच पोळ्या द्या. दोन म्हणाला तर दोन. सोबत घट्ट उसळ किंवा डाळ घातलेली कोरडी भाजी, आणि काकडी, गाजर, पेरू यांतले काहीही एक. उरलेले वरण कणकेत घालून पराठे करा, मुगाची धिरडी करा, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस करा. नवीन पदार्थ शिकण्याची गरज नाही, आजीला येतात तेच पुरेसे आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डबा भरलेला परत आला तर रागावू नका. "आज भूक नव्हती का?" एवढेच विचारा. पहिले आठ दिवस मूल चुकेल, कमी नेईल, भुकेले घरी येईल. येऊ द्या. आपली भूक आपण ओळखणे ही शिकण्याचीच गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही विषयाच्या पुस्तकात नाही.

शाळेनेही आपले वागणे बदलले पाहिजे. "डबा संपवल्याशिवाय उठायचे नाही" असे आमचे काही शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, आम्हीही सांगितले आहे. तो नियम या सत्रापासून काढून टाकत आहोत. अन्न टाकायचे नाही हा नियम राहील. उरलेले डब्यात घरी न्यायचे, म्हणजे घरी खरा हिशेब कळेल. डबे तपासून कोणाला नावे ठेवण्याचा प्रकार होणार नाही.

विश्वस्तांपुढे दोन गोष्टी ठेवत आहोत. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. आपल्या फाटकाबाहेर काय विकले जाते ते आपण सर्वजण रोज पाहतो. तिथल्या ठेल्यावाल्यांना हुसकावून लावावे असे आम्ही म्हणणार नाही, त्यांचीही पोटे आहेत आणि त्यांतल्या दोघांची मुले आपल्याच शाळेत शिकतात. त्यांच्याशी बसून बोलावे, उकडलेले भुट्टे, फळे, भाजलेले चणे-शेंगदाणे यांना दुप्पट गिऱ्हाईक मिळेल अशी व्यवस्था शाळेने करून द्यावी. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. कोणत्या पेयात किती साखर हे त्यावर लिहायचे असते. तो फलक आपणही लावू. मात्र त्याखाली उभे राहून बक्षीस समारंभात पाहुण्यांना शीतपेयाच्या बाटल्या देणे बरे दिसणार नाही. पंधरा ऑगस्टचा लाडू मात्र राहू द्यावा. वर्षातून एक लाडू कोणाचे काही बिघडवत नाही.

दुसरी गोष्ट स्नेहसंमेलनाच्या जेवणाची. गेल्या वर्षी बुफे होता आणि त्या रात्री हिरव्या पेटीचे झाकण लागत नव्हते. यंदा आम्ही पंगत मांडू इच्छितो. वर्गावार पंगती, नववीचे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी वाढपी, भाताची मूद वाटीने, आणि प्रत्येक पदार्थ आधी एकच पळी. ज्याला हवे त्याने पुन्हा मागायचे, कितीही वेळा. आग्रह करायचा नाही, हे वाढप्यांना शिकवावे लागेल, आणि खरे सांगायचे तर शिक्षकांनाही. वेळ जास्त लागेल, म्हणून कार्यक्रम अर्धा तास आधी संपवू.

अडचण एकच आहे. शाळेच्या भांड्यांच्या कपाटात सगळे मोठाले डाव आहेत, लहान पळ्या नाहीत. ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या पितळी पळ्या आणि मुदाळी पडून असतील त्यांनी ती नावाची चिठ्ठी लावून कार्यालयात आणून द्यावीत. कल्हई आम्ही करून घेऊ.

आपले,
प्राचार्य